ऐन डिसेंबरात बंद पडलेली खिडकी

६ डिसेंबर २०२२, मंगळवार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची, म्हणजे 'मेट'ची, वेबसाइट उघडेना. तिकीट खिडकीवरचे संगणक बंद, कॉल सेंटर बंद, इमारतीतलं इंटरनेट बंद. दुसऱ्या दिवशी संस्थेने जाहीर केलं की आपल्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला आहे. नवी तिकिटं मिळणार नाहीत, काढलेली बदलून मिळणार नाहीत, पैसे परत हवे असतील तर तेही तूर्त नाही. त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होतं: सगळे प्रयोग ठरल्याप्रमाणे होतील.

आणि ते झाले. शनिवारी, १० डिसेंबरला, केविन पुट्स यांचा नवा ऑपेरा 'द अवर्स' रंगमंचावर तर झालाच, शिवाय अनेक देशांतल्या चित्रपटगृहांत त्याचं थेट प्रक्षेपणही झालं. रेने फ्लेमिंग, जॉयस डिडोनाटो आणि केली ओहारा अशा तीन मोठ्या गायिका एका प्रयोगात होत्या. पडदा वेळेवर वर गेला. त्याच इमारतीच्या दर्शनी भागात मात्र आलेल्या माणसाला तिकीट विकण्याची सोय नव्हती. खिडकी पूर्ववत व्हायला १५ डिसेंबर उजाडला. म्हणजे नऊ दिवस गेले.

रंगभूमीवरच्या सायबर सुरक्षेबद्दल बोलताना हे प्रकरण पहिलं घ्यावं असं मला वाटतं. फार मोठं नुकसान झालं म्हणून नव्हे; याहून मोठे हल्ले झाले आहेत. पण प्रयोग करणारी संस्था स्वतःला कशापासून जपते आणि कशापासून जपायचं तिच्या मनातही येत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

रिप्लेसमेंट कुणाला असते

आपल्या व्यावसायिक नाटकात 'रिप्लेसमेंट' हा शब्द रोजचा आहे. मुख्य नट आजारी पडला, त्याच्या शूटिंगच्या तारखा आडव्या आल्या, की रिप्लेसमेंट उभी राहते. ऑपेरात तिला 'कव्हर' म्हणतात. महत्त्वाच्या भूमिकेसाठी दुसरा गायक तालीम करून तयार असतो आणि प्रयोगाच्या संध्याकाळी बोलावताच पोहोचेल इतक्या अंतरावर सहसा थांबतो. वाद्यवृंदात बदली वादक असतात. आग लागली तर काय, वीज गेली तर काय, फिरता रंगमंच अडकला तर काय, यांची उत्तरं तोंडपाठ असतात. प्रयोग रद्द होणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप, त्यामुळे त्याभोवतीची तटबंदी शतकभराची आहे. मेटची स्थापनाच १८८३ ची.

खिडकीला मात्र रिप्लेसमेंट नव्हती.

रंगमंच का चालू राहिला, हेही पाहण्यासारखं आहे. गायकाच्या गळ्याला पासवर्ड नसतो, कंडक्टरसमोरची स्वरलिपी कागदावर असते, हे तर झालंच. पण मोठ्या नाट्यगृहांत प्रकाशाचे कन्सोल आणि मंचाची यंत्रं सहसा कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळी ठेवलेली असतात. ही काळजी हॅकरांच्या भीतीने घेतलेली नसते. ऐन तिसऱ्या अंकात कार्यालयातल्या कुणी मोठी फाइल उतरवली म्हणून दिवे अडखळू नयेत, एवढाच साधा हेतू असतो. तंत्रज्ञांच्या या जुन्या खोडीला सुरक्षेच्या भाषेत 'जाळ्याची विभागणी' म्हणतात आणि सल्लागार ती शिकवण्याचे भरपूर पैसे घेतात.

खिडकी, कॉल सेंटर, लेखा विभाग, मनुष्यबळ विभाग यांच्यात अशी भिंत बहुतेक ठिकाणी नसते. सगळे एकाच मोठ्या खोलीत बसल्यासारखे असतात. एकाच्या दारातून आत आलेला माणूस दुसऱ्याच्या कपाटापर्यंत चालत जातो.

पन्नास डॉलरची खुर्ची

त्या दिवसांत मेटची रोजची तिकीटविक्री सुमारे २ लाख डॉलर असते, असा आकडा तेव्हा समोर आला. त्या वेळच्या दराने साधारण १ कोटी ६५ लाख रुपये. डिसेंबर हा न्यूयॉर्कचा हंगाम. नाताळ, पर्यटक, घरी आलेले पाहुणे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात खिडकी बंद पडली तर काय होईल, याची कल्पना करा म्हणजे प्रकरण कळेल.

नऊ गुणिले २ लाख म्हणजे १८ लाख डॉलर, असा हिशेब लगेच मांडता येतो, पण तो बरोबर नाही. डिसेंबरात तिकीट न मिळालेल्या काहींनी नंतर फेब्रुवारीतल्या प्रयोगाचं काढलं असणार, आणि तो पैसा फक्त उशिरा आला. खरा तोटा त्याच आठवड्यातल्या रिकाम्या खुर्च्यांचा. हा माल नासका. पुस्तकाच्या दुकानाचा संगणक चार दिवस बंद पडला तर पुस्तकं पाचव्या दिवशी विकता येतात. शनिवारच्या प्रयोगाची खुर्ची रविवारी विकता येत नाही. म्हणून 'आमची यंत्रणा दोन आठवड्यांत पूर्ववत होईल' हे उत्तर एखाद्या कारखान्याला पुरेल, नाट्यगृहाला नाही. सुमारे ३,८०० खुर्च्यांच्या घरात आठवड्याला सातेक प्रयोग होत असतील, तर दोन आठवड्यांत पन्नासेक हजार खुर्च्या कायमच्या नासू शकतात.

मेटने काय केलं? काही दिवसांतच शेजाऱ्याकडून खिडकी उसनी घेतली. मेटची इमारत लिंकन सेंटरच्या आवारात आहे. १९६६ पासून ती तिथेच आहे. पण लिंकन सेंटर ही संस्था वेगळी, तिची वेबसाइटही वेगळी. तिच्या वेबसाइटवर मेटची तिकिटं विक्रीला ठेवली गेली, सरसकट ५० डॉलरला. खुर्ची क्रमांक नाही, श्रेणी नाही. एरवी ज्या प्रयोगाची चांगली खुर्ची कित्येक शे डॉलरला जाते, त्याचं तिकीट ५० डॉलरला.

हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नाटकवाला निर्णय वाटतो. खुर्च्यांचा नकाशा हाताशी नाही, कोणती विकली गेली आणि कोणती रिकामी आहे हे यंत्रणेला विचारता येत नाही. मग क्रमांकाचा मोह सोडायचा आणि दार उघडं ठेवायचं. उत्पन्न घटलं तरी सभागृहात माणसं दिसली पाहिजेत. संगणक सल्लागाराने कदाचित 'यंत्रणा पूर्ण तपासून होईपर्यंत विक्री थांबवा' असं सांगितलं असतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूकही ठरलं नसतं.

पण ही युक्ती आधी लिहून ठेवलेली असती, शेजाऱ्याशी दोन पानी करार तयार असता, आपल्या प्रयोगांच्या नोंदी त्यांच्या यंत्रणेत आधीच भरलेल्या असत्या, तर पहिल्याच संध्याकाळी ती चालू करता आली असती. ऐन वेळी सुचलेली युक्ती आणि तालीम झालेली युक्ती यांत काही दिवसांचं अंतर पडतं. इथे ते पैशांत मोजता येतं.

सगळं एका जागी

इथे थोडं मागे जायला हवं, कारण खिडकी इतकी मोठी कशी झाली हे समजल्याशिवाय तिची जोखीम समजत नाही.

पूर्वी तिकिटं एका वहीत, देणगीदार दुसऱ्या, सभासद तिसऱ्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेटनेच स्वतःसाठी एक सॉफ्टवेअर तयार करून घेतलं, ज्यात हे सारं एकत्र आलं: कोण कोणत्या प्रयोगाला आला, कुठल्या खुर्चीत बसला, किती देणगी दिली, कुणाला पत्र पाठवायचं. इतर संस्थांनाही ते हवंसं वाटू लागलं आणि त्यातून पुढे टेसिटुरा नेटवर्क नावाची, वापरणाऱ्या संस्थांच्याच मालकीची, नफा न कमावणारी व्यवस्था उभी राहिली. आज जगभरच्या शेकडो नाट्यगृहांचा, वाद्यवृंदांचा, संग्रहालयांचा कारभार तिच्यावर चालतो. २०२२ चा हल्ला टेसिटुरातून झाला असा अर्थ यातून कृपया कुणी काढू नये. तसं मी म्हणत नाही. मुद्दा रचनेचा आहे. रंगसंस्था जगते ती तिकिटावर नव्हे, नात्यावर. दहा वर्षं येणारा प्रेक्षक अकराव्या वर्षी देणगीदार होतो, विसाव्या वर्षी मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहितो. हे नातं जपायचं तर त्याची नोंद एका जागी हवी. आणि एका जागी ठेवलेली नोंद एकाच वेळी बंद पडते, एकाच वेळी चोरीलाही जाते.

बँकेला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक असतं. नाट्यगृहाला वाटतं, आपल्याकडे काय, पडदे आणि पेटारे. प्रत्यक्षात त्याच्याकडे शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसांचे पत्ते, त्यांच्या सवयी, त्यांच्या देणग्यांचे आकडे असतात. आणि हंगामी तत्त्वावर येऊन गेलेल्या हजारो गायक, नर्तक, सुतार, शिंपी यांच्या करांचे व बँक खात्यांचे कागदही. एका हंगामासाठी आलेला कोरसमधला गायक निघून जातो, त्याची फाइल राहते.

सदुसष्ट दिवस

२७ सप्टेंबर २०२२ ला मेटचा हंगाम केरुबिनीच्या 'मेडिया'ने उघडला. नंतर झालेल्या तपासात जे निष्पन्न झालं त्यानुसार घुसखोर संस्थेच्या जाळ्यात ३० सप्टेंबर ते ६ डिसेंबर या काळात होते. म्हणजे उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवसापासून. सदुसष्ट दिवस वर प्रयोग चालू होते आणि खाली कुणीतरी कपाटं चाचपत होतं.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. खिडकी बंद पडली तो हल्ल्याचा पहिला दिवस नव्हता, शेवटचा होता. माहिती आधी निघून गेलेली असते. यंत्रणा ठप्प करणं हा बाहेर पडतानाचा धक्का, मालकाला वाटाघाटीला बसवण्यासाठी दिलेला. स्नॅच नावाच्या खंडणीखोर टोळीने या हल्ल्याची जबाबदारी घेतल्याचं पुढे समोर आलं. या टोळीबद्दल एफबीआय आणि अमेरिकेची सायबर सुरक्षा यंत्रणा सिसा यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये संयुक्त इशारा काढला. ही मंडळी दूरस्थ जोडणीच्या, म्हणजे बाहेरून कार्यालयाचा संगणक वापरण्याच्या सोयीच्या, कच्च्या दारातून शिरतात, प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड फोडतात, पीडिताच्या यंत्रणेत तीन तीन महिने मुक्काम ठोकतात, आणि शेवटी विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू करून अँटिव्हायरस झोपलेला असताना फायलींना कुलूप घालतात, असं त्यात म्हटलं आहे. नाव सेफ मोड, आणि घात तिथेच.

सदुसष्ट दिवस लक्षात का आलं नाही? रंगसंस्थेत रात्री अकराला कार्यालयाचा संगणक चालू असणं यात कुणालाच वावगं वाटत नाही. प्रयोग तेव्हाच संपतो, हिशेब तेव्हाच होतो. पाहुणे कलाकार, पाहुणे दिग्दर्शक, दर दोन आठवड्यांनी बदलणारा ताफा, प्रत्येकाला तात्पुरतं खातं, आणि गेल्यावर ते बंद करायचं राहून जातं. बँकेत रात्री एकला कुणी आत शिरलं तर घंटा वाजते. इथे रात्र हीच कामाची वेळ. मेटमध्ये नेमकं हेच घडलं असा माझा दावा नाही. पण असं घर ओळखायला अवघड जातं, हे या क्षेत्रात काम केलेला कुणीही सांगेल.

त्या दिवसांत आणखी एक तर्क फिरत होता: हे रशियाचं काम. जनरल मॅनेजर पीटर गेल्ब यांनी युक्रेन युद्धानंतर पुतिन यांच्याशी जवळीक असलेल्या कलाकारांशी संबंध तोडले होते, रशियन गायिका आना नेत्रेब्को हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. युक्रेनियन वादकांचा वृंद उभा करण्यातही मेटचा हात होता. कथानक म्हणून हा तर्क फक्कड आहे, पण त्याला जाहीर पुरावा मिळाला नाही. अशा तर्कांचा एक तोटा असा की ते संस्थेला उगाच मोठं करतात. परराष्ट्र धोरणामुळे आपल्यावर हल्ला झाला असं वाटणं सुखाचं असतं. दूरस्थ जोडणीचा पासवर्ड कच्चा होता असं वाटणं सुखाचं नसतं.

पाच महिन्यांनी आलेलं पत्र

डिसेंबरात संस्थेने सांगितलं होतं की तिकीटग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेलेली नाही. मे २०२३ मध्ये बाधितांना पत्रं गेली. एकूण ४५,०९४ व्यक्ती. घुसखोरांच्या हाती लागू शकलेल्या गोष्टींची यादी अशी: नावं, बँक खात्यांचा तपशील, करदाता क्रमांक, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक), वाहन परवान्याचे क्रमांक, पेमेंट कार्डाचा तपशील.

यादी नीट वाचा. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि वाहन परवाना तिकीट काढताना कुणी मागत नाही. ही कागदपत्रं संस्थेकडे असतात ती काम करणाऱ्यांची. नऊ दिवस सगळ्या जगाचं लक्ष खिडकीवर होतं. कायद्याच्या दृष्टीने मोठं प्रकरण मागच्या खोलीतल्या फायलींचं निघालं.

कार्डांच्या माहितीसाठी पीसीआय डीएसएस नावाचा नियमसंच आहे. तो सरकारी कायदा नाही, कार्ड कंपन्यांनी करारातून लादलेली शिस्त आहे. पण पाळली नाही तर कार्ड घेण्याची सोयच जाऊ शकते, म्हणून नाट्यगृहं ती धाकाने पाळतात. त्याची चौथी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली आणि तिच्यातल्या शेवटच्या अटी ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाल्या. पैसे भरण्याच्या पानावर बाहेरून कोणकोणते कोड चालतात याची यादी ठेवा, त्यात कुणी ढवळाढवळ केली तर कळेल अशी सोय करा, अशा त्या अटी. उत्तम. पण या धाकामुळे बहुतेक संस्थांची सगळी सुरक्षा कार्डाभोवती गोळा होते. कार्डाचा क्रमांक बदलता येतो, बँक दोन दिवसांत नवं कार्ड पाठवते. सोशल सिक्युरिटी क्रमांक सहजी बदलून मिळत नाही. जे हरवलं तर जन्मभर पुरेल, त्याच्या कपाटावर तपासनीस यायचा नाही, आणि तपासनीस येत नाही तिथे कुलूप जुनंच राहतं.

आता पत्राच्या तारखेबद्दल. घटना डिसेंबरात, पत्र मे महिन्यात. न्यूयॉर्क राज्याच्या तेव्हाच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. शक्य तितक्या लवकर, अवाजवी विलंब न करता कळवा, एवढंच होतं. २०१९ च्या शील्ड कायद्याने वाजवी सुरक्षा ठेवण्याचं बंधनही घातलं, मार्च २०२० पासून. संस्थेचे वकील म्हणतील की कुणाची कोणती माहिती गेली हे एकेक फाइल उघडून शोधावं लागतं, त्याला महिने लागतात. ते खोटं नाही. ज्याचा करदाता क्रमांक गेला त्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र पाच महिने चोर मोकळे आणि आपण गाफील. मे महिन्यातच फेडरल न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला, पुरेशी काळजी घेतली नाही आणि कळवायला उशीर केला, अशा तक्रारींचा. राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये कायदा बदलून ३० दिवसांची मुदत घातली.

घाईने दिलेल्या आश्वासनाचं दुसरं उदाहरण इथे द्यायलाच हवं, कारण तेही या क्षेत्राच्या अगदी जवळचं. ब्लॅकबॉड ही देणगीदारांच्या नोंदी सांभाळणारी कंपनी. विद्यापीठं, रुग्णालयं, संग्रहालयं, कलासंस्था तिचे ग्राहक. २०२० मध्ये तिच्यावर हल्ला झाला, १३,००० हून अधिक ग्राहकसंस्थांची माहिती गेली. कंपनीने खंडणी दिली, चोरांनी 'प्रत नष्ट केली' असं सांगितलं, आणि जुलैत कंपनीने ग्राहकांना कळवलं की बँक खात्यांचा तपशील सुरक्षित आहे. सप्टेंबरात कबूल करावं लागलं की काहींचा तो गेला आहे. चुकीच्या निवेदनांबद्दल अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, मार्च २०२३ मध्ये ३० लाख डॉलर घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९ राज्यांशी आणि राजधानीच्या प्रशासनाशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. या हजारो छोट्या संस्थांनी स्वतः काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी पेटारा दुसऱ्याच्या गोदामात ठेवला होता. पण देणगीदारांना माफीची पत्रं त्यांनाच लिहावी लागली.

खंडणी द्यावी का, या प्रश्नात कायद्याची आणखी एक मेख आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२० मध्ये बजावून ठेवलं आहे की निर्बंधांच्या यादीतल्या टोळीला पैसे गेले तर देणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, समोर कोण आहे हे माहीत नसलं तरी. देणगीच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांना हे रात्री दोन वाजता वकिलाकडून पहिल्यांदा ऐकायला मिळू नये.

तिजोरीचा प्रश्न

२६ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे खिडकी उघडल्यावर अकरा दिवसांनी, मेटने जाहीर केलं की कायमनिधीतून ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढणार आणि पुढच्या हंगामात प्रयोग सुमारे १० टक्के कमी करणार. निधी तेव्हा ३० कोटी डॉलरच्या आसपास होता. याचं खापर सायबर हल्ल्यावर फोडणं चुकीचं ठरेल. करोनानंतर प्रेक्षक परतले नव्हते, देणगीदार हात आखडत होते, रोख कमी पडत होती. पण अशा आजारी माणसाला तापाचे नऊ दिवस काय करतात ते सांगायला नको. आणि उलटंही खरं: सुरक्षेवरचा खर्च अशाच वर्षांत आधी कापला जातो. देणगीदार नव्या निर्मितीला पैसे देतो, रंगमंचावरच्या झुंबराला देतो. बॅकअपच्या सर्व्हरवर आपल्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

शिवाजी मंदिरपासून एनसीपीएपर्यंत

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात मेटची प्रक्षेपणं दाखवली जातात, एवढाच या प्रकरणाचा आपल्याशी थेट धागा. पण कायद्याच्या बाजूने आपण आता त्याच वाटेवर आहोत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. ६ तास म्हणजे दुपारचा प्रयोग आणि रात्रीचा प्रयोग यांच्यामधला वेळ. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहिती फुटली तर बाधितांना विनाविलंब सांगायचं, या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षा ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, कळवण्यात झाली तर २०० कोटींपर्यंत. धर्मादाय न्यास आहे म्हणून आपोआप सूट नाही.

आकडे ऐकून आपल्या नाट्यसंस्थेचा चिटणीस हसेल. आमचं सगळं भांडवल विकलं तरी सेटचं भाडं निघत नाही, दंड कशातून भरू? ठीक. पण आपल्याकडे काय काय आहे, ते तरी मोजू. सभासदांची यादी, फोन क्रमांकांसह, व्यवस्थापकाच्या फोनमधल्या एक्सेलमध्ये. दौऱ्यावरच्या लॉजसाठी गोळा केलेले सगळ्या कलाकारांचे आधार कार्डाचे फोटो, 'बस क्र. २' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या नटासह. वहीत लिहिलेली यादी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की येते.

आणि उन्हाळ्यातलं बालनाट्य शिबिर. मुलांची नावं, शाळा, पत्ते, ॲलर्जी, पालकांचे क्रमांक, सादरीकरणाचे व्हिडिओ. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. मराठी रंगभूमीवरचा सगळ्यात मोठा अनुपालनाचा धोका कदाचित मे महिन्यातल्या त्या गूगल फॉर्ममध्ये आहे, ज्याची लिंक गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या पालकांकडे अजून उघडते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे मेटपेक्षा बरी आहे. आपल्याकडे विक्री सुरू झाली की अजून 'प्लॅन उघडला' म्हणतात. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. बुकिंग क्लार्क पेन्सिलीने त्यावर खुणा करतो. ऑनलाइन विक्री वाढली तसा हा कागद मागे पडला, पण दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा पुण्याच्या बालगंधर्वला खिडकीवर आयुष्य घालवलेल्या माणसांना तो डोळे मिटून भरता येतो. मेटकडे त्या नऊ दिवसांत नव्हती ती रिप्लेसमेंट हीच: रोज संध्याकाळी पाच वाजता निघालेली विकलेल्या खुर्च्यांची छापील प्रत, आणि ती वाचू शकणारा एक माणूस.

म्हणून तालमीचा प्रस्ताव. जुलैतला एखादा ओला मंगळवार धरा, तिकिटं कमी खपणारा. दुपारी चार वाजता खिडकीवरचे संगणक मुद्दाम बंद करा आणि रात्रीचा प्रयोग कागदावर पार पाडा. क्लार्क, प्रवेशद्वारावरची मुलं, व्यवस्थापक, सगळे हजर हवेत. क्यूआर कोड घेऊन आलेल्याला कसं ओळखायचं, रोख कुठे ठेवायची, सर्ट-इनला फोन कोण करणार, सगळं त्या दिवशी ठरेल. पहिली अडचण कोणती येईल तेही सांगता येतं. क्लार्क प्लॅनची कोरी प्रत मागेल, आणि ती संगणकात असेल.